औषध एकाचे, संरक्षण दोघांचे
एच.आय.व्ही.च्या संशोधनात उभे आयुष्य घालवलेले डॉ. मायरन कोहेन

एच.आय.व्ही.ची लागण झालेल्या माणसाने रोज गोळी घ्यायची ती कशासाठी? ‘त्याचा जीव वाचावा म्हणून’ असे उत्तर बहुतेक जण देतील. उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच आहे. तीच गोळी त्याच्या बायकोचे किंवा नवऱ्याचेही रक्षण करते. हे उरलेले अर्धे उत्तर शास्त्राच्या कसोटीवर सिद्ध व्हायला २०११ साल उजाडावे लागले. ज्यांच्या नेतृत्वाखाली ते सिद्ध झाले, त्या डॉ. मायरन कोहेन यांच्या कामाची ओळख आज करून घेऊ. त्यांच्या कामाचा एक धागा आपल्या पुण्याशीही जोडलेला आहे.

हा विषय निवडण्याचे कारण सांगतो. एच.आय.व्ही. म्हणजे मरण, ही समजूत आता बरीच मागे पडली आहे. पण एच.आय.व्ही. असलेल्या माणसाचा संसार संपला, त्याने जोडीदाराजवळ जाऊच नये, त्याला निरोगी मूल होणे शक्य नाही, या समजुती आपल्या गावांत अजून टिकून आहेत. त्यांच्या भीतीने माणसे तपासणी टाळतात, तपासणी झालीच तर निकाल लपवतात आणि औषध सुरू करायला उशीर करतात. या उशिराची किंमत घरातले दुसरे माणूस मोजते.

परम्याच्या अभ्यासापासून सुरुवात

डॉ. कोहेन हे मूळचे अमेरिकेतील शिकागोचे. सहकारी त्यांना ‘माइक’ म्हणतात. शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. पुढे येल विद्यापीठात त्यांनी संसर्गजन्य रोगांचे प्रशिक्षण घेतले आणि १९८० साली ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात रुजू झाले. चॅपेल हिल या गावातील हे विद्यापीठ पुढे त्यांचे कायमचे कामाचे ठिकाण झाले.

त्या वेळी एड्सचे नावही कुणाला माहीत नव्हते. अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद १९८१ साली झाली. कोहेन यांचा अभ्यास चालला होता तो परम्याचा, म्हणजे ज्या गुप्तरोगात लघवीच्या जागेतून पू येतो त्याचा. या पुवात शरीराच्या संरक्षणासाठी धावून आलेल्या पांढऱ्या पेशी असतात. त्या पेशी आणि परम्याचे जंतू यांची झुंज कशी चालते, हे ते प्रयोगशाळेत पाहत होते.

विषय वरवर पाहता लहान आणि कुणी फारसे मानाचे न समजावे असा. पण एड्सचे संकट आले तेव्हा हाच अभ्यास उपयोगी पडला. एच.आय.व्ही. मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो हे स्पष्ट झाल्यावर कोहेन यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. एकाच प्रकारच्या संबंधातून एकाला लागण होते आणि दुसऱ्याला होत नाही, असे का? गुप्तरोगाने जिथे आधीच सूज आणि पू आहे, तिथे एच.आय.व्ही.चे फावते का?

मलावीतील उत्तर

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शोधले ते आफ्रिकेतील मलावी या गरीब देशात. तिथल्या लिलाँग्वे या राजधानीच्या शहरात कोहेन आणि त्यांचे सहकारी इर्व्हिंग हॉफमन यांनी स्थानिक डॉक्टरांबरोबर काम उभे केले. एच.आय.व्ही. असलेल्या १३५ पुरुषांची त्यांनी तपासणी केली. त्यांपैकी ८६ जणांना मूत्रमार्गाची सूज होती आणि ४९ जणांना ती नव्हती. दोन्ही गटांच्या रक्तातील आणि वीर्यातील एच.आय.व्ही.चे प्रमाण मोजले.

रक्तात दोन्ही गटांचे प्रमाण साधारण सारखेच निघाले. पण ज्यांना मूत्रमार्गाची सूज होती त्यांच्या वीर्यात विषाणूचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या आठपट होते. मग त्यांना त्या सुजेवरचे, म्हणजे साध्या गुप्तरोगावरचे, प्रतिजैविक औषध दिले. दोन आठवड्यांत वीर्यातील विषाणूचे प्रमाण बरेच खाली आले. एच.आय.व्ही.वरचे कोणतेही औषध त्यांना दिलेले नव्हते. हा अभ्यास १९९७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ आपल्या भाषेत असा. विषाणू अंगात असणे वेगळे आणि तो दुसऱ्याकडे जाण्याजोग्या प्रमाणात असणे वेगळे. प्रमाण वाढले की धोका वाढतो. मग प्रमाण कमी केले तर धोका कमी व्हायला हवा. कोहेन यांच्या पुढच्या कामाची दिशा इथे ठरली.

पुण्याचे एक कटू सत्य

त्याच १९९७ साली पुण्यातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्तरोगाच्या दवाखान्यांत तपासणीसाठी येणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली होती. देहविक्रय न करणाऱ्या, बहुतेक विवाहित आणि आयुष्यात एकाच पुरुषाशी, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याशी, संबंध आलेल्या स्त्रियांतही शंभरात तेरा-चौदा जणींना एच.आय.व्ही. आढळला.

हे आकडे गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या स्त्रियांचे आहेत, सगळ्या समाजाचे नव्हेत, हे ध्यानात ठेवावे. पण त्यातून निघणारा अर्थ स्पष्ट होता. ‘वाईट वागणाऱ्यालाच हा रोग होतो’ हे म्हणणे खोटे आहे. या स्त्रियांचा दोष एवढाच की त्या लग्न करून नांदत होत्या. त्यांना ‘एकनिष्ठ राहा’ हा उपदेश करून काही साधणार नव्हते, कारण त्या एकनिष्ठच होत्या. निरोध वापरायचा की नाही हेही अनेक घरांत त्यांच्या हातात नव्हते. त्यांना वाचवायचे तर ज्याला लागण झाली आहे त्याच्या अंगातील विषाणूच आवरायला हवा होता.

औषध काय करते?

एच.आय.व्ही. हा विषाणू आपल्या रक्तातील सी.डी. ४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. रोगप्रतिकारक शक्तीच्या या जणू फौजदार पेशी. विषाणू त्यांच्यातच आपल्या नकला तयार करतो आणि त्या पेशी नष्ट होत जातात. सी.डी. ४ची संख्या घटली की क्षयासारखे रोग अंगात शिरतात. या अवस्थेला आपण एड्स म्हणतो.

एच.आय.व्ही.ची औषधे या नकला तयार होण्याचे काम बंद पाडतात. पहिले औषध १९८७ साली आले, पण ते एकटे पुरे पडत नसे. १९९६ सालापासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि मरणाच्या दारातील माणसे उठून कामाला लागली. औषधाने लागण थांबू शकते याची चुणूक त्याआधीच दिसली होती. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गरोदरपणी, बाळंतपणी आणि नंतर बाळाला ते पहिले औषध दिल्यावर बाळाला लागण होण्याचे प्रमाण शंभरात पंचवीसवरून आठवर आले. २००० साली युगांडातील रकाई जिल्ह्यातील ४१५ जोडप्यांच्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांच्या रक्तात विषाणू फार कमी होता, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १५०० पेक्षा कमी, त्यांच्याकडून जोडीदाराला लागण झालीच नाही.

मग आणखी पुरावा कशाला हवा होता? कारण ही निरीक्षणे होती. औषध घेतल्याने नवरा-बायकोत लागण थांबते का आणि किती थांबते, हे ठरवण्यासाठी दोन सारखे गट करून तुलना करायला हवी होती. रक्तात विषाणू कमी झाला तरी वीर्यात किंवा योनिमार्गात तो दडून राहत असेल, अशी शंकाही घेतली जात होती. सरकारे कोट्यवधी रुपयांचा औषधाचा खर्च करणार, ती शंकेवर कशी करतील?

नऊ देशांतील १७६३ जोडपी

कोहेन यांनी ही कसोटी हाती घेतली. तिचे नाव ‘एच.पी.टी.एन. ०५२’. २००५ साली लहान प्रमाणावर सुरुवात झाली आणि २००७ पासून मुख्य अभ्यास चालू झाला. आफ्रिका, आशिया आणि अमेरिका खंडांतील नऊ देशांच्या १३ केंद्रांत मिळून १७६३ जोडपी त्यात सामील झाली. प्रत्येक जोडप्यात एकाला लागण झालेली आणि दुसरा निरोगी.

भारतातील दोन केंद्रे होती, पुणे आणि चेन्नई. पुण्याचे काम पाहिले ते १९९२ साली स्थापन झालेल्या आणि तेव्हा राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भोसरीच्या संस्थेने. चेन्नईचे केंद्र डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या वाय.आर.जी. केअर या संस्थेचे. भारतातील एच.आय.व्ही.ची पहिली लागण १९८६ साली त्यांच्या आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून उघड झाली होती. सुनीतीबाई या माहेरच्या गायतोंडे आणि संस्थेला नाव आहे ते त्यांच्या वडिलांचे, वाय. आर. गायतोंडे यांचे.

अभ्यासात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे जोडप्यांचे दोन गट केले. पहिल्या ८८६ जोडप्यांत लागण झालेल्याला लगेच औषध सुरू केले. दुसऱ्या ८७७ जोडप्यांत सी.डी. ४ची संख्या २५० पर्यंत उतरल्यावर किंवा एड्सचा आजार दिसल्यावर औषध सुरू करायचे ठरले. सामील होताना सर्वांची संख्या ३५० ते ५५० च्या दरम्यान होती.

दुसऱ्या गटावर हा अन्याय नव्हे का, असे कुणी विचारील. त्या काळी गरीब देशांत औषध उशिराच सुरू करण्याची रीत होती. औषधांचे दुष्परिणामही जास्त असत, त्यामुळे लवकर सुरू केल्याने रुग्णाचे भले होते की नुकसान, हे कुणालाच खात्रीने ठाऊक नव्हते. शिवाय दोन्ही गटांना निरोध, समुपदेशन, गुप्तरोगांवर उपचार आणि निरोगी जोडीदाराची वरचेवर तपासणी या सोयी सारख्याच दिल्या होत्या. फरक होता तो फक्त औषध केव्हा सुरू केले याचा.

विषाणूची कुळी जुळवणे

या अभ्यासातील एक युक्ती समजून घेण्यासारखी आहे. निरोगी जोडीदाराला पुढे लागण झाली, तर ती घरातूनच झाली की बाहेरून, हे कसे कळणार? विषाणूच्या जनुकांची ठेवण माणसागणिक थोडी थोडी वेगळी असते. दोघांचे विषाणू ताडून पाहिले की ते एकाच कुळीचे आहेत की नाहीत ते कळते. जिथे कुळी जुळली तेवढीच लागण या हिशेबात धरली.

अभ्यास २०१५ पर्यंत चालायचा होता. पण एप्रिल २०११ मध्ये स्वतंत्र देखरेख समितीने आकडे पाहिले आणि निकाल ताबडतोब जाहीर करा, असे सांगितले. तोवर एकूण ३९ जणांना लागण झाली होती. त्यांपैकी २८ जणांचा विषाणू जोडीदाराच्या विषाणूशी जुळला. या २८ पैकी २७ जण उशिरा औषध देण्याच्या गटातले आणि लवकर औषध देण्याच्या गटातला फक्त एक. म्हणजे लागणीचा धोका ९६ टक्क्यांनी कमी झाला. ज्यांना लवकर औषध मिळाले त्यांचा स्वतःचाही फायदा झाला. फुप्फुसाबाहेरील क्षय त्यांच्यात तिघांना झाला, तर दुसऱ्या गटात १७ जणांना.

दुसऱ्या गटातील सर्वांनाही मग लगेच औषध देऊ केले. ‘सायन्स’ या नियतकालिकाने या संशोधनाला २०११ सालचे सर्वांत महत्त्वाचे संशोधन म्हणून गौरवले.

तरीही कोहेन तिथे थांबले नाहीत. हाच परिणाम वर्षानुवर्षे टिकतो का, हे पाहण्यासाठी त्याच जोडप्यांवर पुढे लक्ष ठेवले. २०१६ साली अखेरचा निकाल आला. जोडीदाराकडूनच झालेल्या लागणी एकूण ४६, त्यांपैकी लवकर औषधाच्या गटात केवळ ३. औषध सुरू झाल्यानंतर एकूण आठ लागणी झाल्या. त्यांची छाननी केली तेव्हा चार लागणी औषध नुकतेच सुरू होऊन विषाणू पुरता दबला नव्हता त्या काळातल्या निघाल्या, आणि चार औषध लागू पडेनासे झाल्यानंतरच्या. विषाणू सतत दबलेला असताना एकही नाही.

युरोपातील ‘पार्टनर’ नावाच्या अभ्यासाने २०१६ साली याला दुजोरा दिला. त्यात ८८८ जोडप्यांचे निरोधाशिवाय सुमारे ५८,००० संबंध आले. एक जोडीदार औषधावर आणि त्याचा विषाणू दबलेला. दुसऱ्याला त्याच्याकडून लागण झाल्याचे एकही उदाहरण सापडले नाही.

आपल्यासाठी काय बदलले?

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की, सी.डी. ४ कितीही असो, लागण कळताच औषध सुरू करा. भारताने २०१७ साली हेच धोरण स्वीकारले. आपल्याकडे सरकारी ए.आर.टी. केंद्रांतून ही औषधे २००४ पासून मोफत मिळतात. आता बहुतेकांना तीन औषधे असलेली एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे आणि नोकरी, शिक्षण, उपचार यांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे.

या संशोधनातून दवाखान्यात रोज सांगावेत असे धडे निघतात, ते असे:

१. तपासणी करा. सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व तपासणी केंद्रात ती मोफत होते. नवऱ्याची किंवा बायकोची लागण कळली तर दुसऱ्याने त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी. माहितीसाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी आहे.

२. औषध लगेच सुरू करा. ‘मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न मी नेहमी ऐकतो. त्रास नसतानाच विषाणू दुसऱ्याकडे जातो, कारण माणूस तेव्हा बेसावध असतो.

३. रक्तातील विषाणूचे प्रमाण, म्हणजे व्हायरल लोड, तपासून घ्या. औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी. ‘विषाणू आढळत नाही’ असा निकाल टिकून असेल तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हा निकाल येईपर्यंत मात्र निरोध हवाच.

४. गोळी चुकवू नका. विषाणू दबला म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे. तो काही पेशींत झोपून राहतो. गोळी थांबली की काही आठवड्यांत पुन्हा उठतो. कुणी गोळ्या बंद करून हमखास इलाजाचे काढे घ्या म्हणाले, तर त्याचे ऐकू नका.

५. गुप्तरोग अंगावर काढू नका. मलावीचा धडा विसरू नका. एच.आय.व्ही.ची गोळी परमा किंवा गरमीपासून वाचवत नाही. त्यासाठी निरोध लागतो.

६. मूल हवे असेल तर आधी सांगा. आईचा विषाणू दबलेला असेल, औषध चालू असेल आणि बाळंतपण रुग्णालयात झाले, तर निरोगी बाळ होण्याची शक्यता फार मोठी आहे. बाळालाही काही आठवडे औषध द्यावे लागते. बाळाला पाजण्याबाबत केंद्रातील डॉक्टर सांगतील तसे वागावे. संबंधांतून लागण होत नाही हा नियम दुधाला जसाच्या तसा लावू नये.

७. निरोध फाटला, सुई टोचली किंवा अत्याचार झाला, तर ७२ तासांच्या आत, शक्यतो काही तासांतच, सरकारी रुग्णालय गाठा. २८ दिवसांच्या औषधाने लागण टळू शकते.

लक्षात ठेवावे असे

परम्याच्या पुवापासून सुरू झालेला कोहेन यांचा अभ्यास अखेर जगाच्या औषधधोरणापर्यंत पोहोचला. १९९७ च्या मलावीच्या अभ्यासापासून २०११ च्या निकालापर्यंत १४ वर्षे गेली. एवढ्या काळात ‘विषाणूचे प्रमाण कमी केले तर लागण थांबेल का?’ हा एकच प्रश्न त्यांनी सोडला नाही. त्यांच्याबरोबर पुण्यातील आणि चेन्नईतील डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशकही राबले. आणि ती १७६३ जोडपी. घरातले सर्वांत मोठे गुपित उघड करून, वर्षानुवर्षे केंद्राच्या फेऱ्या मारून, त्यांनी हे ज्ञान आपल्या हाती दिले. त्यांची नावे आपल्याला कधी कळणार नाहीत, आणि ती कळू नयेत हेच योग्य.

आपल्या शेजारी, नात्यात, कारखान्यात कुणी एच.आय.व्ही.चे औषध घेत असेल, तर त्याला दूर लोटू नका. तो नियमाने गोळी घेतो आहे म्हणजे तो स्वतःचा जीव राखतो आहे आणि आपल्या घरच्यांचाही. लोकांनी नावे ठेवली की माणूस केंद्रात जायचे टाळतो, गोळी चुकते आणि विषाणू पुन्हा डोके वर काढतो. त्याला गोळीची वेळ आठवून देणारे कुणी घरात असेल, तर ते काम कुठल्याही डॉक्टरपेक्षा कमी नाही.